संगणकावरील संगीत-प्लेअरची इंटरनेट-सेटिंग : नंदुरबार जिल्ह्यातील ध्वनिसंशोधनाच्या संदर्भात

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यापासून निराळा झाला. उत्तरेस सातपुड्याच्या रांगा व त्यांपलीकडे नर्मदा, दक्षिणेकडे तापीचे खोरे व नवापूरचा डोंगराळ मुलूख अशी त्याची साधारण रचना आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ असून तीत शेकडा ६९ हून अधिक लोक अनुसूचित जमातींचे आहेत. मावची, वसावी, देहवाली, नोईरी, पावरी, कोकणी, अहिराणी, गुजरी इत्यादी बोली एवढ्याशा प्रदेशात शेजारी शेजारी नांदत असल्यामुळे भाषाभ्यासकाला आणि लोकसंगीताच्या अभ्यासकाला हा जिल्हा विशेष मोलाचा वाटतो. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ साली प्रसिद्ध झाला. त्यात भिल्ल भाषांबरोबर खानदेशीचाही विचार केलेला आहे. तेव्हाचा अभ्यासक लिहून आणलेल्या मजकुरावर विसंबून राही. आजचा अभ्यासक प्रथम ध्वनीवर विसंबतो, आणि तो ध्वनी त्याच्यापर्यंत बहुतेक वेळा संगणकावरील संगीत-प्लेअरच्या द्वारे पोचतो.

प्लेअर हे वस्तुतः करमणुकीसाठी निर्माण झालेले साधन होय. विनॅम्प हा त्या वर्गातील सर्वांत गाजलेला प्लेअर १९९७ साली निघाला. व्हीएलसी, फूबार२००० आदी प्लेअर त्यानंतर लोकप्रिय झाले. ह्या सर्वांच्या पसंतीक्रमांच्या पानांत कोठे तरी एक पान इंटरनेटविषयी असते. सामान्य श्रोता ते पान उघडीत नाही व त्यावाचून त्याचे काही अडतही नाही. संशोधकाची गोष्ट निराळी आहे. पुराभिलेखातील ध्वनिमुद्रण मुळीच न वाजणे, वाजले तरी त्यात मूळचे नसलेले आवाज येणे, आणि अक्राणीच्या एखाद्या पाड्यावर मुद्रित केलेल्या गीताला भलत्याच गायकाचे नाव चिकटणे, ह्या तिन्ही आपत्तींचे मूळ त्याच एका पानात असू शकते. पहिली आपत्ती तत्काळ लक्षात येते. उरलेल्या दोन येत नाहीत, म्हणून त्याच अधिक घातक समजावयास हव्यात.

प्रारंभी एका समजुतीची चौकशी करणे इष्ट आहे. इंटरनेटवरील प्रक्षेपण ऐकण्यासाठी जी लहानशी फाइल उतरवून घेतात, तिच्या नावाच्या अखेरीस ‘पीएलएस’ किंवा ‘एमथ्रीयू’ अशी अक्षरे असतात. ह्या फाइलीत ध्वनीचा अंशही नसतो. तीत केवळ एक पत्ता असतो. फाइलीवर दोनदा क्लिक करताच गाणे वाजू लागते, त्यामुळे गाणे आपल्या संगणकात साठविले गेले असा ग्रह होतो आणि प्रबंधाच्या परिशिष्टासोबत अशीच फाइल जोडली जाते. पुढे तो सर्व्हर बंद पडला की परिशिष्टात एका मृत पत्त्यावाचून काही उरत नाही. फाइलीचा आकार पाहिला तर ही फसगत सहज टळते. सेकंदास १२८ किलोबिट ह्या दराने एक मिनिटाचा ध्वनी सुमारे ९६० किलोबाइट जागा घेतो. शंभर-दीडशे बाइटांच्या फाइलीत गाणे मावणे शक्यच नाही.

आता संपर्काचा प्रश्न. जुन्या विनॅम्पच्या सेटिंगमध्ये प्रथम असे विचारलेले असे की, संगणक मोडेमवरून जोडला जातो, सदैव जोडलेला असतो, की इंटरनेट मुळीच नाही. टेलिफोनच्या तारेवरून मिनिटागणिक पैसे मोजून इंटरनेट घेण्याच्या काळात, प्लेअरने परस्पर फोन लावू नये म्हणून ही विचारणा होती. तो काळ गेला. परंतु त्याच पानावरील प्रॉक्सीचा रकाना अद्याप महत्त्वाचा आहे. अनेक विद्यापीठांत व महाविद्यालयांत बाहेरची सर्व वाहतूक एका मध्यस्थ संगणकातून जाते. त्यालाच प्रॉक्सी म्हणतात. ब्राउझरला हा मध्यस्थ ठाऊक करून दिलेला असतो. प्लेअर मात्र ब्राउझरचे ऐकतोच असे नाही. काही प्लेअर संगणकाच्या मूळ प्रणालीतील सेटिंग आपोआप उचलतात, तर काहींत ती स्वतंत्रपणे भरावी लागते. संकेतस्थळ उघडते पण प्लेअर मुका राहतो, ही जी नेहमीची तक्रार, तिचे कारण बहुधा एवढेच असते. मध्यस्थाचा पत्ता आणि पोर्टचा क्रमांक, जो पुष्कळदा ८०८० किंवा ३१२८ असतो, प्लेअरच्या रकान्यात लिहिला व लागत असल्यास नाव आणि परवलीचा शब्द दिला की काम भागते. प्लेअरने ४०७ हा त्रुटी-क्रमांक दाखविला तर मध्यस्थापर्यंत पोचलो, परंतु त्याने ओळख मागितली, असा त्याचा अर्थ घ्यावा.

वसतिगृहांत व सार्वजनिक वायफायवर आणखी एक प्रकार आढळतो. तेथे प्रथम ब्राउझरमध्ये नोंदणीचे पान उघडते व ते भरल्यावाचून पुढे जाता येत नाही. प्लेअरला ही रीत ठाऊक नसते. तो ध्वनी मागतो आणि त्याला उत्तरादाखल नोंदणीचे पान मिळते. त्या पानालाच ध्वनी समजून तो वाजवू पाहतो व ‘अपरिचित स्वरूप’ अशी तक्रार करतो. विद्यार्थी मग ध्वनीच्या स्वरूपाचा शोध घेत नवनवे कोडेक बसवीत राहतात. ब्राउझर एकदा उघडून नोंदणी पुरी करणे हाच ह्यावरील उपाय होय.

पोर्टविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. शाउटकास्ट आणि आइसकास्ट ह्या प्रक्षेपणाच्या दोन प्रचलित पद्धती असून त्यांचे सर्व्हर बहुधा ८००० ह्या पोर्टवर उभे असतात. संस्थेच्या सुरक्षा-भिंतीतून सामान्य संकेतस्थळांसाठी लागणारी ८० व ४४३ ही दारे उघडी ठेवतात. ८००० हे दार पुष्कळदा बंद असते. त्यातच शाउटकास्टचा जुना सर्व्हर उत्तर देताना ‘एचटीटीपी’ ह्या रूढ शब्दाऐवजी ‘आयसीवाय’ असा निराळाच शब्द उच्चारतो. प्लेअर ती बोली जाणतात. पण काटेकोर प्रॉक्सी ते उत्तर अवैध ठरवून नाकारते. अशा वेळी प्लेअरची सेटिंग कितीही बदलली तरी व्यर्थ. त्याच प्रक्षेपणाचा ४४३ पोर्टवरील पत्ता उपलब्ध आहे काय हे पाहावे, अथवा संस्थेच्या संगणक-विभागाला विनंती करावी. आकाशवाणीच्या केंद्रांची इंटरनेटवरील प्रक्षेपणे पुष्कळशी निराळ्याच पद्धतीने येतात. तीत ध्वनीचे काही सेकंदांचे तुकडे पाडून त्यांची यादी पुरविली जाते व प्लेअर ती यादी पुनःपुन्हा वाचून पुढचा तुकडा मागतो. अ‍ॅपलने २००९ साली आणलेली ही पद्धत एचएलएस ह्या नावाने ओळखली जाते. तिला वेगळा पोर्ट लागत नाही, म्हणून भिंत आडवी येत नाही. मात्र जुन्या प्लेअरना ती समजत नाही. जुन्या प्लेअरची दुसरी अडचण सांकेतिक संरक्षणाची आहे. टीएलएसच्या १.० व १.१ ह्या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे कालबाह्य ठरविण्यात आल्या. ज्या प्लेअरला त्यापुढील आवृत्ती येत नाही त्याला आजचे अनेक सर्व्हर दारातच उभे करीत नाहीत. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील जुन्या संगणकावर एखादे प्रक्षेपण एकाएकी बंद पडले तर सेटिंगपूर्वी प्लेअरचे वय पाहावे.

संपर्क जुळला की बफरचा विचार करावा लागतो, आणि नंदुरबारच्या संदर्भात तो विस्ताराने करणे योग्य होईल. पाणीपुरवठ्याच्या टाकीचा दृष्टान्त येथे सोयीचा आहे. नळाला पाणी थांबून थांबून आले तरी टाकी भरलेली असल्यास घरातील धार अखंड राहते. सेकंदास १२८ किलोबिट, म्हणजे १६ किलोबाइट, ह्या दराच्या प्रक्षेपणासाठी ६४ किलोबाइटांचा बफर केवळ चार सेकंद पुरतो. ३२ किलोबिटांच्या प्रक्षेपणासाठी तोच सोळा सेकंद पुरतो. म्हणून बफर किलोबाइटांत दिलेला आहे की वेळेत, हे प्रथम पाहिले पाहिजे. व्हीएलसीच्या तिसऱ्या आवृत्तीत तो ‘नेटवर्क कॅशिंग’ ह्या नावाने वेळेत दिलेला असून त्याचे मूळ मूल्य १,००० मिलिसेकंद, म्हणजे अवघे एक सेकंद आहे. शहरातील स्थिर तारेवर ते पुरते. धडगावच्या किंवा मोलगीच्या परिसरात डोंगराआडून येणाऱ्या मोबाइलच्या लहरींवर ते पुरेल अशी अपेक्षा करणे चूक होय.

तथापि बफर वाढविला की सर्व दुःखे संपतात हाही भ्रमच आहे. बफर खंड भरून काढतो, तूट भरून काढीत नाही. समजा, लहरींचा सरासरी वेग सेकंदास १०० किलोबिट आहे व प्रक्षेपण १२८ किलोबिटांचे आहे. दर सेकंदाला २८ किलोबिटांची तूट पडणार. दहा सेकंदांच्या बफरमध्ये १,२८० किलोबिट मावतात. ते सुमारे ४६ सेकंदांत आटतील व गाणे थांबेल. बफर साठ सेकंदांचा केला तर तीच गोष्ट साडेचार मिनिटांनी घडेल. ह्या स्थितीत कमी दराचे प्रक्षेपण निवडणे एवढाच मार्ग उरतो. याउलट सरासरी वेग २०० किलोबिट आहे पण मधून मधून आठ सेकंद काहीच येत नाही, असे असल्यास दहा-बारा सेकंदांचा बफर ती अडचण पूर्णपणे निवारतो. तेव्हा सेटिंगला हात लावण्यापूर्वी आपले दुखणे तुटीचे आहे की खंडाचे, हे ओळखावयास हवे. त्याची खूण अशी की, तुटीत गाणे ठरावीक अंतराने थांबते, खंडात ते वेळी-अवेळी थांबते.

बफरला सर्व्हरच्या बाजूनेही मर्यादा आहे, ती सहसा ध्यानात घेतली जात नाही. चालू प्रक्षेपण हे वाहते असते. पुढचा ध्वनी अजून निर्माणच झालेला नसल्यामुळे तो आगाऊ मागविता येत नाही. आइसकास्टचा सर्व्हर श्रोता जोडला जाताच आपल्याजवळचा सुमारे ६४ किलोबाइट ध्वनी एकदम सोडतो व त्यानंतर ध्वनी ज्या गतीने घडतो त्याच गतीने देतो. म्हणून साठ सेकंदांचा बफर मागितला तर तो भरेपर्यंत श्रोत्याला जवळजवळ एक मिनिट शांत बसावे लागते. शिवाय मागे पडलेल्या श्रोत्यासाठी तो सर्व्हर मूळ सेटिंगमध्ये ५,२४,२८८ बाइटच राखून ठेवतो. १२८ किलोबिटांच्या हिशेबाने हे सुमारे ३३ सेकंद झाले. श्रोता त्याहून मागे राहिला तर सर्व्हर त्याला तोडून टाकतो. तीस सेकंदांपलीकडचा बफर अशा प्रक्षेपणाला निरुपयोगी होय. पुराभिलेखातील तयार ध्वनिमुद्रणाला मात्र ही मर्यादा लागू नाही. ते सबंध उतरवून घेता येते, आणि अभ्यासासाठी तेच करावे.

उपग्रहाच्या मार्गाविषयी येथे ओघाने काही म्हणणे प्राप्त आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने स्टारलिंक कंपनीशी जे इरादापत्र केले, त्यात गडचिरोली, वाशिम व धाराशिव यांच्याबरोबर नंदुरबारचेही नाव होते. उपग्रह म्हटला की विलंब, ही समजूत भूस्थिर उपग्रहांमुळे रूढ झाली. ते विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असल्यामुळे प्रश्न जाऊन उत्तर येण्यास अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. स्टारलिंकचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरांवरून फिरतात व तेथील विलंब त्या मानाने नगण्य असतो. परंतु ऐकण्याच्या कामी ह्या दोहोंत म्हणण्यासारखा भेद नाही. बोलताना अर्धा सेकंद जाचतो. गाणे अर्ध्या सेकंदाने उशिरा सुरू झाले तर कोणाचे काही बिघडत नाही. ऐकणाऱ्याला बाधते ती विलंबातील अनियमितता. खालून फिरणारे उपग्रह थोड्या थोड्या वेळाने बदलावे लागत असल्यामुळे क्षणिक खंड तेथेही संभवतो, आणि पाच सेकंदांचा बफर त्याला पुरेसा आहे. डोंगराळ भागात आकाश मोकळे दिसते की नाही हाच तेथे खरा प्रश्न राहील.

कमी दराचे प्रक्षेपण निवडावे असे वर म्हटले. ते ऐकण्यापुरते खरे आहे. मोजण्यासाठी ते खरे नाही. भिल्ली बोलींच्या अभ्यासातील एक प्रसिद्ध प्रश्न स-काराच्या जागी येणाऱ्या ह-काराचा आहे. एखाद्या वक्त्याने शुद्ध ‘स’ उच्चारला, शुद्ध ‘ह’ उच्चारला की त्यांच्या दरम्यानचा काही ध्वनी काढला, हे ठरविण्यास ध्वनीच्या वरच्या पट्ट्यातील ऊर्जा पाहावी लागते, कारण स-काराचे मुख्य बळ चार हजार हर्ट्झच्या वर असते. आता ३२ किलोबिटांच्या आसपासची पुष्कळ प्रक्षेपणे एचई-एएसी ह्या पद्धतीने येतात. ह्या पद्धतीत खालचा पट्टा तेवढा प्रत्यक्ष पाठविला जातो. वरचा पट्टा प्लेअर खालच्या पट्ट्याच्या आधाराने व काही त्रोटक सूचनांवरून स्वतः रचतो. कानाला तो गोड लागतो. पण त्याचे वर्णपट-चित्र काढले तर त्यात जे दिसते तो वक्त्याचा ‘स’ नव्हे, तर यंत्राने अनुमानाने बसविलेला ‘स’ होय. अशा पुराव्यावर कोणी एखाद्या बोलीत स-काराची उपस्थिती सिद्ध करू पाहील तर त्याचा सबंध युक्तिवाद यंत्राच्या अनुमानावर उभा राहील. अनेक प्लेअर व संकेतस्थळे संपर्काचा वेग पाहून दर आपोआप खालीवर करतात, म्हणजे एकाच मुलाखतीचा पूर्वार्ध एका दराने व उत्तरार्ध दुसऱ्या दराने ऐकला जाण्याचा संभव आहे. दर स्थिर ठेवण्याची सोय असेल तेथे तो स्थिर करावा व टिपणात नोंदवावा. मोजमापासाठी आंतरराष्ट्रीय ध्वनि-पुराभिलेख संघटनेने सुचविल्याप्रमाणे ४८ किलोहर्ट्झ व २४ बिटांची असंक्षिप्त प्रत मिळवावी. शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साऊथ एशिया लायब्ररीने भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या वेळच्या ग्रामोफोन-मुद्रिका इंटरनेटवर ठेवल्या आहेत. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांच्या बोली-सर्वेक्षणातील ध्वनिमुद्रणेही ऐकता येतात. ह्या सामग्रीचा उपयोग करताना आपण मूळ मुद्रण ऐकतो आहोत की त्याची संक्षिप्त प्रत, हा प्रश्न प्रत्येक वेळी स्वतःस विचारला गेला पाहिजे.

मूळचे नसलेले आवाज येण्याचे आणखी एक चमत्कारिक कारण आहे. शाउटकास्टच्या पद्धतीत गाण्याचे शीर्षक ध्वनीच्या प्रवाहातच मधून मधून पेरलेले असते. ‘शीर्षके पाठव’ असे प्लेअरने सांगितले की सर्व्हर प्रथम कळवितो की, अमुक इतक्या बाइटांनंतर शीर्षकाची जागा येईल; प्लेअर मोजीत राहतो व तेवढ्या जागा ध्वनीतून वगळतो. वाटेतील एखाद्या प्रॉक्सीने ती सूचना गाळली तर शीर्षक ध्वनीतच मिसळते. १६,००० बाइटांचे अंतर आणि १२८ किलोबिटांचा दर असेल तर नेमक्या दर सेकंदाला एक टिकटिक ऐकू येते. लोकवाद्यांचा अभ्यास करणाऱ्याने ही टिकटिक टाळीची किंवा टिपरीची समजू नये. घड्याळाइतकी अचूक लय माणसाच्या हाताला साधत नाही, हीच तिची पारख. प्लेअरमध्ये शीर्षके मागविण्याची सोय बंद केली की ती नाहीशी होते.

शीर्षकांच्या लिपीचा प्रश्न मराठी अभ्यासकाला रोज भेडसावतो. एमपी३ फाइलीच्या अखेरीस नाव लिहिण्याची जी सर्वांत जुनी पद्धत, आयडी३ ची पहिली आवृत्ती, तीत शीर्षकाला अवघे ३० बाइट दिलेले आहेत. रोमन लिपीत त्यांत तीस अक्षरे बसतात. यूटीएफ-८ ह्या संकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते व्यंजन असो, मात्रा असो, अनुस्वार असो वा हलन्त असो, तीन बाइट घेते. म्हणजे चिन्हे दहाच मावतात. ‘अस्तंबा यात्रेतील गीत’ हे शीर्षक घेतले तर त्यात देवनागरीची १९ चिन्हे व दोन मोकळ्या जागा मिळून ५९ बाइट होतात. तिसाव्या बाइटावर कात्री चालली की ‘अस्तंबा या’ एवढेच उरते व पुढे ‘त’ ह्या अक्षराचे दोन-तृतीयांश शव एखाद्या चौकोनाच्या रूपाने दिसते. नावाच्या जागी डोक्यावर तिरका आघात असलेले रोमन ‘ए’ आणि चलनाची चिन्हे पुनःपुन्हा दिसू लागली तर नाव नष्ट झालेले नाही असे समजावे. यूटीएफ-८ मधील देवनागरी पश्चिम युरोपीय संकेताप्रमाणे वाचली जात आहे एवढाच त्याचा अर्थ. ज्या प्लेअरमध्ये संकेत निवडण्याची सोय आहे तेथे तो बदलताच नाव पूर्ववत दिसते. घाबरून त्याच स्थितीत फाइल पुन्हा जतन करणे मात्र अनर्थकारक होय, कारण तेव्हा वाचण्यातील चूक लेखनात कायम होते. आयडी३ ची दुसरी आवृत्ती वापरावी व पहिलीचे लेखन बंद ठेवावे, हे उत्तम.

सर्वांत गंभीर हानी होते ती ‘माहिती इंटरनेटवरून आपोआप मिळवा’ ह्या निरुपद्रवी दिसणाऱ्या चौकटीमुळे. संगणकात सीडी घालताच प्लेअर तिची एक ओळख काढून दूरच्या सूचीत शोधतो व आढळलेली नावे भरतो. जुन्या सीडीडीबी पद्धतीत, जी फ्रीडीबी ह्या मुक्त सूचीनेही २०२० साली ती बंद पडेपर्यंत चालविली, ही ओळख अशी काढतात : प्रत्येक गीताच्या आरंभाच्या सेकंदांतील अंकांची बेरीज, सीडीचा एकूण काल सेकंदांत, आणि गीतांची संख्या. बाजारातील दहा-बारा गीतांच्या सीडीला हे पुरेसे वेगळेपण देते. क्षेत्रकार्यातील सीडीची स्थिती पाहा. होळीच्या रात्रीचे गायन किंवा एखाद्या वृद्धेची मुलाखत सबंध एकाच गीताप्रमाणे सलग भरलेली असते. पहिले गीत नेहमी दुसऱ्या सेकंदाला सुरू होते, तेव्हा बेरीज सदैव दोनच. गीतांची संख्या एकच. उरला एकूण काल. ऐंशी मिनिटांच्या सीडीत ४,८०० सेकंद असतात. अर्थात जगातील एकगीती सीडींना फार तर तेवढ्याच भिन्न ओळखी मिळू शकतात, आणि समान सेकंदांच्या सर्व सीडी त्या सूचीच्या दृष्टीने एकच ठरतात. काठीच्या होळीची सीडी घातली असता एखाद्या युरोपीय नर्तन-संगीताचे नाव पडद्यावर यावे, ह्यात गूढ काही नाही. म्युझिकब्रेन्झने काल सेकंदाच्या पंचाहत्तराव्या भागापर्यंत मोजून ही संदिग्धता पुष्कळच घटविली. पण अप्रकाशित सीडी मुळात कोणत्याच सूचीत असावयाची नाही, म्हणून तेथेही जे काही जुळेल ते चुकीचेच जुळेल.

चुकीचे नाव पडद्यापुरते राहिले तर विशेष बिघडत नाही. परंतु अनेक प्लेअर ते नाव नक्कल केलेल्या फाइलीत लिहून टाकतात, फाइलीचे नावही बदलतात, व कलावंताच्या नावाप्रमाणे तिला निराळ्या कप्प्यात हलवितात. गायिकेचे नाव केवळ त्या फाइलीवरच लिहिलेले असेल तर तिचे नाव आणि गाव दोन्ही पुसली जातात. पाड्यावर पुन्हा जाऊन विचारावे म्हटले तर गायिका हयात असेलच असे नाही. म्हणून क्षेत्रसामग्रीला हात लावण्यापूर्वी माहितीचा स्वयंचलित शोध, तिचे लेखन आणि फाइलींची स्वयंचलित मांडणी, ह्या तीनही चौकटी रिकाम्या कराव्या. मूळ फाइली केवळ वाचनीय ठेवाव्या. आणि नोंदी स्वतंत्र वहीत वा तक्त्यात असाव्या. फ्लॅक स्वरूपात निव्वळ ध्वनीची पडताळणी-संख्या फाइलीतच नमूद असते. नावे बदलली तरी ती बदलत नाही, त्यामुळे निदान ध्वनी अबाधित आहे एवढी खात्री करून घेता येते. नाव मात्र तिच्यातून परत मिळत नाही.

बाहेरून जसे आत येते तसे आतून बाहेरही जाते. काही प्लेअर ऐकलेल्या प्रत्येक गाण्याचे शीर्षक लास्ट.एफएमसारख्या सेवेला कळवितात व ते वापरणाऱ्याच्या सार्वजनिक पानावर झळकते. आदिवासी समाजांत काही गीते विशिष्ट विधीच्या प्रसंगीच गावयाची असतात. त्यांचे मुद्रण करू देताना गायकांनी अटी घातलेल्या असू शकतात. शीर्षकात गायकाचे नाव, गाव व विधी लिहिण्याची संशोधकाची रीत असल्यामुळे, संमती नसलेली माहिती केवळ ऐकण्याच्या क्रियेने प्रसिद्ध होऊ शकते. ही सोय पुष्कळदा प्लेअरच्या मूळ भागात नसून जोड-घटकात असते, म्हणून ती इंटरनेटच्या पानावर न सापडल्यास जोड-घटकांच्या यादीत पाहावी.

इंटरनेट अविश्वसनीय असेल तेथे त्याच्यावाचूनही प्लेअरच्या ह्याच सेटिंगचा उपयोग करता येतो. महाविद्यालयातील एका संगणकावर आइसकास्ट किंवा साधा वेब-सर्व्हर बसवून त्यावर ध्वनिमुद्रणे ठेवली, तर त्याच इमारतीतील सर्व संगणकांना ती एकाच वेळी ऐकता येतात, व बाहेरची तार तुटली तरी अध्यापन थांबत नाही. त्या संगणकाचा पत्ता बहुधा १९२.१६८ ह्या अंकांनी आरंभ होणारा असतो. येथे एकच खबरदारी घ्यावी लागते. प्लेअरमध्ये प्रॉक्सी भरलेली असेल तर तो शेजारच्या खोलीतील संगणकाकडेही बाहेरच्या मध्यस्थामार्फत जाऊ पाहतो व मध्यस्थाला तो पत्ता सापडत नाही. ‘स्थानिक पत्त्यांसाठी प्रॉक्सी वापरू नये’ ही खूण प्लेअरमध्ये असल्यास ती करावी. नसल्यास अशा वर्गासाठी प्रॉक्सीवाचूनचा दुसरा प्लेअर त्याच संगणकावर बसवून ठेवावा.